स्पर्शरहित हवाई प्रतिमापटल

काचेला बोट न लावता, काचेपुढे हवेत उमटलेल्या प्रतिमेवर बोट नेऊन यंत्राला आज्ञा देण्याची दर्शनव्यवस्था. बाजारात तिला ‘होलोग्राफिक टच’ असेही म्हणतात. तिचे दोन भाग असतात : प्रतिमा हवेत आणणारी प्रकाशीय पाटी आणि बोटाचे स्थान टिपणारा संवेदक.

पूर्वपीठिका : या पटलाचा उगम कोठे मानावा याबाबत एकवाक्यता नाही. लोकप्रिय लेखनात तो डेनिस गाबोर यांच्या होलोग्राफीशी, म्हणजे वस्तूवरून आलेल्या प्रकाशलहरींची नोंद करून तिची त्रिमितीय प्रतिमा उभी करण्याच्या तंत्राशी, जोडला जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या खटपटीत 1947 च्या सुमारास गाबोर यांना ही कल्पना सुचली. 1960 मध्ये लेसर हाती आल्यावर अमेरिकेत लीथ व उपात्निएक्स यांनी आणि सोव्हिएट रशियात डेनिस्यूक यांनी ती प्रत्यक्षात उतरविली. गाबोर यांना 1971 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण होलोग्रामची प्रतिमा व्यतिकरणाच्या (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून पडणाऱ्या पट्ट्यांच्या) नोंदीतून, विवर्तनाने (त्या पट्ट्यांवरून प्रकाश वळून) उभी राहते. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक हवाई पटलांत मात्र साध्या एलसीडी पडद्याचा प्रकाश सूक्ष्म आरशांनी वळविलेला असतो.

दुसरा पक्ष रंगभूमीवरील ‘पेपरच्या भुता’कडे बोट दाखवितो. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये 1862 अखेर जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेतून भुताचा आभास दाखविला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची होती, आणि तत्त्व तर सोळाव्या शतकात डेला पोर्ता यानेही वर्णिले होते. येथे अडचण अशी की ती प्रतिमा आभासी असते, म्हणजे काचेच्या पलीकडे भासते. तिला शिवायला गेलेले बोट काचेवरच आपटेल. हवाई पटलाला वास्तव प्रतिमा लागते, म्हणजे प्रकाशकिरण प्रत्यक्ष जेथे एकत्र येतात ती. ही कसोटी लावल्यास बर्कहार्ट, कॉलियर व डोहर्टी यांचे 1968 चे काम अधिक जवळचे ठरते. त्यांनी अर्धपारदर्शक आरसा आणि आलेला किरण आल्या दिशेनेच परत पाठविणारा परावर्तक यांची जोडी सुचविली होती. गोव्यातील पत्रादेवी ते पोळे या महामार्गावर रात्री गाडीच्या दिव्यांत चकाकणारे फलक अशाच परावर्तकांचे असतात. प्रस्तुत नोंदीत ही परंपरा ग्राह्य धरली आहे.

रचना : सध्या दोन प्रकार प्रमुख आहेत. जपानमध्ये सातोशी माएकावा व सहकाऱ्यांनी 2006 च्या सुमारास मांडलेल्या पाटीत परस्परांशी काटकोन करणाऱ्या अतिसूक्ष्म आरशांच्या असंख्य जोड्या असतात. प्रत्येक किरण दोनदा परावर्तित होतो. पाटीच्या प्रतलातील त्याची दिशा उलटते, प्रतलाला लंब असलेली तशीच राहते. परिणामी पडदा पाटीमागे जितका दूर, तितकीच प्रतिमा पाटीपुढे उमटते, आणि तीही मूळ आकाराची. एकदाच परावर्तित झालेला प्रकाश मात्र बाजूंना नको असलेल्या छायाप्रतिमा निर्माण करतो. त्या लपविण्यासाठी पडदा व पाटी यांचा कोन आणि बघणाऱ्याची जागा ठरवून द्यावी लागते. दुसरा प्रकार 1968 च्या जोडीवर आधारलेला असून उत्सुनोमिया विद्यापीठातील हिरोत्सुगु यामामोतो यांनी तो विकसित केला. त्यात पाहण्याचा कोन रुंद मिळतो, पण अर्धपारदर्शक आरशात बराच प्रकाश वाया जातो.

बोट टिपण्यासाठी प्रतिमेच्या प्रतलातच अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) प्रकाशाचा पातळ थर पसरतात. बोट त्यात शिरले की परतलेल्या प्रकाशावरून त्याचे स्थान कळते. स्पर्शाची उणीव भरून काढण्यासाठी केंद्रित श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा, ध्वनी (साधारण 40 किलोहर्ट्झ) वापरतात. सुमारे 200 हर्ट्झने कमीजास्त केलेला त्याचा दाब त्वचेला जाणवतो. याचे श्रेय पुष्कळदा ब्रिस्टल विद्यापीठातील 2013 च्या कामाला दिले जाते, तथापि टोकियोतील शिनोदा यांच्या गटाने 2008 मध्येच असे साधन दाखविले होते.

वापर : 2020 नंतर कोविडच्या भीतीने या पटलांकडे लक्ष वळले. 2022 मध्ये टोकियोतील काही सेव्हन-इलेव्हन दुकानांत पैसे भरण्यासाठी त्यांची चाचणी झाली. पृष्ठभागावरून कोविड होण्याचा धोका कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल 2021 मध्येच सांगितले होते. त्यामुळे केवळ त्या आजाराच्या नावाने या पटलाचा पुरस्कार करणे योग्य नव्हे. रुग्णालयात, जेथे हातमोजे काढणे परवडत नाही, तेथे त्याची बाजू भक्कम आहे.

गोव्याच्या संदर्भात : येथील खरे कारण पाऊस हेच. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे 3000 मिमी पाऊस पडतो, सत्तरीच्या घाटाकडे त्याहून अधिक. प्रचलित टचस्क्रीन बोटामुळे विद्युत् धारकतेत (विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेत) होणारा बदल ओळखतो, म्हणून ओले बोट किंवा काचेवरचे थेंब त्याला फसवितात. बर्फात हात घालणारी म्हापशाची मासळीविक्रेती आणि छत्री मिटवून यंत्रापुढे उभा राहिलेला प्रवासी या दोघांनाही ही अडचण येते. हवाई पटलाला ओल्या बोटाचे वावडे नाही. मात्र उन्हात त्याची प्रतिमा फिकी पडते, त्यामुळे ते आतल्या जागेतच शोभते. हॉटेलांत मेनू व पैसे या दोन्ही गोष्टी क्यूआर कोडमुळे ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर गेल्या आहेत, तेथे या महाग पाटीची गरज दिसत नाही.

लिपीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा असून मराठीचाही शासकीय वापर करता येतो. आकड्यांची दहा बटणे हवेत सहज मांडता येतात. परंतु स्वर, मात्रा व व्यंजनांचा देवनागरी कळफलक तेवढ्याच जागेत बसविल्यास बटणे बारीक होतात, आणि आधार नसलेले बोट चुकते. उचललेला हातही लवकर दुखतो. नाव लिहायला लावण्यापेक्षा यादीतून निवडू देणे हाच येथे समंजस मार्ग.

निवड झाल्याची खात्री आवाजाने द्यावी लागते. 1999 ची गोवा विधानसभा निवडणूक पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रांवर झाली. त्या यंत्रात बटण दाबल्याचे बोटाला कळते आणि वर लांब बीपही ऐकू येतो. हवाई पटलात यातला पहिला पुरावा नाहीसाच होतो. हवेतल्या बटणावर ब्रेलही उमटविता येत नाही, म्हणून सार्वजनिक ठिकाणी त्याच्या शेजारी प्रत्यक्ष बटणांचा संच ठेवणे दृष्टिहीनांसाठी अपरिहार्य आहे.