नोटरीपुढील ओळख-पडताळणी (खानदेश)

मालमत्तेच्या दस्तावर सही करणारा माणूस खरोखर तोच आहे का, हे नोटरीने तपासण्याची पद्धत. नोटरीचा शिक्का सही कोणाची ते सांगतो, जमीन कोणाची ते सांगत नाही. त्यामुळे तोतया उभा करणे हीच फसवणुकीची सोपी वाट ठरते.

जळगाव, धुळे, नंदुरबारचे पुष्कळ खातेदार (जमिनीच्या सरकारी नोंदीत नाव असलेले) कामधंद्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला स्थायिक आहेत. अशा गैरहजर किंवा मयत खातेदाराच्या नावे बनावट मुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून जमीन विकली जाते. सातबाऱ्यावर फोटो नसतो आणि एकाच गावात पाटील, चौधरी, महाजन आडनावांची सारखी नावे निघतात. म्हणून वडिलांचे नाव, वय, गट क्रमांक आणि खाते क्रमांक सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) व जुन्या फेरफाराशी (मालकी बदलाच्या नोंदीशी) ताडून पाहावेत.

आधारची झेरॉक्स पुरावा मानू नये. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करावा. कार्डावरचा छापील फोटो बदलता येतो, पण कोडमधला फोटो व नाव डिजिटल सहीने बांधलेले असते. दोन्ही जुळले नाहीत तर काम तिथेच थांबवावे. ओळखदार (हा तोच माणूस, असे सांगून सही करणारा) कोर्टाच्या आवारात बसणारा नको, त्याच गावचा आणि त्या व्यक्तीला खरोखर ओळखणारा हवा. अंगठा नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून घ्यावा. शेतीकामाने रेषा झिजलेल्या असतात. जास्त शाईत त्या बुजतात, म्हणून शाई पातळ लावावी. सही-अंगठा दस्ताबरोबर नोटरीच्या नोंदवहीतही त्याच वेळी घ्यावा. सही आधीच झालेला कागद पुढे आला तर शिक्का मारूच नये.

तुकडेबंदीत (शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे करण्यावरील बंदीत) अडकलेले गुंठ्यांचे प्लॉट सर्रास ‘नोटरीवर’, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या नोटरीच्या कागदावर, विकले जातात. ओळख कितीही पक्की असली तरी शंभर रुपये व त्यापुढील किमतीच्या जमिनीची मालकी नोंदणीकृत खरेदीखताशिवाय मिळत नाही. नंदुरबारसारख्या भागात आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते; नोटरीचा कागद तिची जागा घेत नाही.

भारतात राहणाऱ्या मालकाच्या वतीने मुखत्याराला दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे मुखत्यारपत्र मालक राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) केलेले लागते. सुरतेतल्या मालकाने ते सुरतेतच करावे. मालक मयत झाला की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्र संपते, म्हणून तो हयात असल्याची खात्री व्हिडिओ कॉलवर करून घ्यावी. नोंदणीच्या वेळी तोतयेगिरी केल्यास कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

फेरफारावर हरकतीला नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस मिळतात, पण नोटीस गावच्या बंद घरावर जाते. बाहेरगावच्या खातेदाराने महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आपला सातबारा अधूनमधून पाहावा आणि गावच्या तलाठ्याकडे चालू पत्ता व मोबाइल क्रमांक देऊन ठेवावा.