कमी दिवसांची बाळं आणि त्यांच्या धमन्या

कमी दिवसांच्या बाळांच्या रक्तवाहिन्यांकडे डॉक्टरांचं लक्ष आधी गेलं ते डोळ्यांमुळे. अशा बाळांना येणाऱ्या अंधत्वाची नोंद बॉस्टनच्या थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये केली. पुढच्या दहा-बारा वर्षांत उलगडा झाला: जीव वाचवायला दिलेला भरमसाट ऑक्सिजन डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या वाहिन्या बिघडवत होता. बाकीच्या शरीरातल्या वाहिन्यांचं काय, हे कळायला मुलं मोठी व्हायला हवी होती, आणि तेव्हा त्यातली बरीचशी जगतच नसत. राष्ट्राध्यक्ष केनेडींचा १९६३ साली साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा दोन दिवसही जगला नाही. फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉइड देण्याचा प्रयोग १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, १९८० मध्ये सरफॅक्टंट, म्हणजे फुप्फुसं मिटू न देणारं औषध, आलं, आणि चित्र पालटत गेलं.

धमनीला लवचीकपणा देणारं इलॅस्टिन मुख्यतः गर्भातल्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात बनतं. पुढे त्याची भर फारशी पडत नाही. रक्तदाब सांभाळणाऱ्या मूत्रपिंडातल्या गाळण्याही साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घडत असतात. बाळ आधीच बाहेर आलं की हे काम काचेच्या पेटीत पुरं करावं लागतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो इंग्लंडमधला अभ्यास. १९८०च्या दशकात तिथे अशा बाळांना चिठ्ठी टाकावी तसं गटांत विभागून कुणाला दान केलेलं आईचं दूध, कुणाला खास पावडरचं दूध दिलं गेलं. तेरा ते सोळाव्या वर्षी आईच्या दुधावरच्या मुलांचा रक्तदाब कमी भरला. मग धमनीच्या अस्तराची चाचणी झाली: हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त थांबवायचं, सोडायचं, आणि दंडातली धमनी किती फुलते ते सोनोग्राफीत मोजायचं; अस्तर निरोगी असेल तर ती चांगली फुलते. पहिल्या दोन आठवड्यांत वजन झपाट्याने वाढलेल्यांची धमनी कमी फुलली. पण वजन झपाट्याने वाढवणाऱ्या पोषक पावडरच्या दुधानेच मेंदूची वाढ चांगली होते, हेही याच संशोधकांनी दाखवलं होतं. हा पेच खरोखर अवघड आहे, आणि त्यात आईबापांना दोष देण्यासारखं काहीच नाही.

पुढे स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीतल्या तीन लाखांहून अधिक तरुणांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा जन्म जितका आधी तितका रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक दिसला. सरासरी फरक मात्र दोन-चार अंकांचाच असतो. तरीही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या २०१७च्या नियमावलीत, बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्यांचा रक्तदाब, एरवीसारखी वयाच्या तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता, आधीच मोजायला सांगितलं आहे.