शंखखंडीय अपस्मार : शस्त्रक्रियेचे परिणाम

औषधांना दाद न देणाऱ्या शंखखंडीय अपस्मारात मेंदूच्या शंखखंडातील (टेम्पोरल लोब) झटके उत्पन्न करणारा भाग काढून टाकतात. त्यानंतर रुग्णाचे झटके, स्मृती व जीवनमान यांत होणाऱ्या बदलांना या शस्त्रक्रियेचे परिणाम म्हणतात. योग्य निवडलेली व रुग्णाला सोसणारी दोन औषधे, एकेकटी किंवा एकत्र, पुरेशी देऊनही झटके थांबले नाहीत, तर अपस्मार औषधरोधी समजावा, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघाने २०१० मध्ये केली. अपस्माराच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांत असा रोध आढळतो.

या प्रकारच्या झटक्यात पोटातून काहीतरी वर चढत आल्यासारखे वाटते, नजर एका जागी खिळते, तोंड चघळल्यासारखे हलू लागते आणि हात सदऱ्याच्या गुंड्या चाचपडत राहतो. मिनिट-दोन मिनिटांनी रुग्ण भानावर येतो, तेव्हा मधले त्याला बहुधा काहीच आठवत नाही.

काढलेल्या भागात पुष्कळदा हिप्पोकॅम्पसचा (शंखखंडाच्या आतील, स्मृतीशी निगडित भागाचा) काठिण्ययुक्त ऱ्हास, म्हणजे पेशी मरून ऊतक घट्ट होणे, दिसतो. जर्मन वैद्य झोमर यांनी १८८० मध्ये त्यातील पेशीनाशाचे सूक्ष्म वर्णन केले. हा ऱ्हास झटक्यांचे कारण की परिणाम, हा वाद मात्र त्याहून जुना आहे. लंडनचे शल्यविशारद मरे फाल्कनर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास शंखखंडाचा पुढचा भाग अखंड काढण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे ऊतक तपासणीस सलग मिळू लागले आणि बालपणीच्या दीर्घ तापझटक्यांशी या ऱ्हासाचा संबंध जोडला गेला. कारण की परिणाम, या वादातील दोन्ही मतांत तथ्य असावे, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. एमआरआयमध्ये हा ऱ्हास मेंदूच्या एकाच बाजूला स्पष्ट दिसत असेल आणि ईईजीही (मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख) तीच बाजू दाखवीत असेल, तर यशाची शक्यता वाढते. एमआरआय निर्दोष असल्यास ती घटते.

कॅनडातील लंडन (ऑन्टारिओ) येथे झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत (जिच्यात कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरते) ८० रुग्ण होते. वर्षाअखेरीस शस्त्रक्रिया-गटातील ५८ टक्के, तर औषध-गटातील अवघे ८ टक्के रुग्ण भान हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते. शस्त्रक्रिया-गटातील चौघांवर प्रत्यक्षात शस्त्रक्रिया झालीच नव्हती. त्यांना वगळल्यास पहिला आकडा ६४ टक्क्यांवर जातो.

‘मुक्त’ कोणाला म्हणावे, यावर आकड्यांचा अर्थ अवलंबून असल्याने येथे काटेकोरपणा हवा. अमेरिकन चेताविशारद एंगेल यांच्या शस्त्रक्रिया-परिणामांच्या वर्गीकरणातील पहिल्या वर्गात पूर्ण झटकामुक्त रुग्णाबरोबरच केवळ पूर्वसूचना (पोटातून काही वर चढल्यासारखी, भान न हरपता येणारी जाणीव) होणारा रुग्ण आणि औषध थांबवल्यावरच आकडी आलेला रुग्णही बसतो. २००१ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पूर्वसूचना उरलेला रुग्ण वेगळ्या वर्गात जातो आणि मोजणी दरवर्षी नव्याने होते. काही वर्षांनी झटके पुन्हा सुरू झालेले रुग्ण त्यामुळे नजरेआड होत नाहीत, म्हणून दीर्घकालीन तुलनेस हीच पद्धत अधिक विश्वसनीय वाटते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६१५ प्रौढांच्या अभ्यासात (यांतील बहुतेकांवर शंखखंडाची शस्त्रक्रिया झाली होती) पाच वर्षांनी ५२ टक्के, तर दहा वर्षांनी ४७ टक्के रुग्ण मुक्त राहिले होते. या मोजणीत भान शाबूत ठेवणारे सौम्य झटके धरलेले नव्हते.

लाभासोबत हानीही मोजावी लागते. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या रुग्णाच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले गेले आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. तेव्हापासून एकाच बाजूची शस्त्रक्रिया हा दंडक झाला. तरीही भाषाप्रधान, म्हणजे बहुधा डाव्या, बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दस्मृती व नावे आठवण्याची क्षमता घटू शकते. ज्याची स्मृती आधी चांगली आणि हिप्पोकॅम्पस तुलनेने निरोगी, त्यालाच अधिक गमवावे लागते, हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगणे अत्यावश्यक आहे. शंखखंडातून वळसा घेऊन जाणारा दृष्टितंतूंचा जुडगा (मायर-पाश) दुखावल्यास विरुद्ध बाजूचे वरचे दृष्टिक्षेत्र कमी होते. रुग्णाला ते सहसा जाणवत नाही, पण वाहन चालवण्याच्या परवान्यास ते आड येऊ शकते. काहींना नंतरच्या महिन्यांत नैराश्य येते.

झटके सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत अनेकदा दोन दशके उलटतात. एवढ्या काळात शिक्षण, नोकरी व संसार यांची घडी विस्कटते, आणि झटके थांबले तरी ती आपोआप बसत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लवकर शस्त्रक्रियेच्या चाचणीत पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ती ३८ जणांवरच थांबवावी लागली. दुसऱ्या वर्षी शस्त्रक्रिया-गटातील १५ पैकी ११ जण मुक्त होते, औषध-गटातील २३ पैकी एकही नव्हता.

कवटी न उघडता केंद्रित किरणांनी केलेल्या उपचाराची उघड्या शस्त्रक्रियेशी यादृच्छिक तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत किरणोपचाराने ५२ टक्के व शस्त्रक्रियेने ७८ टक्के रुग्णांचे झटके थांबले. किरणोपचाराचा गुण येण्यास अनेक महिने लागतात आणि तोवर झटके चालूच राहतात.