रनिंग भत्ता

रनिंग भत्ता : रेल्वेगाडी प्रत्यक्ष चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांना कापलेल्या अंतराच्या हिशेबाने मिळणारा भारतीय रेल्वेतील भत्ता. लोको पायलट, सहायक लोको पायलट, शंटर (यार्डात डबे-इंजिन हलवणारा चालक), मोटरमन (लोकलचा चालक) आणि ट्रेन मॅनेजर (जानेवारी २०२२ पूर्वीचे गार्ड) हे त्याचे मुख्य मानकरी. दर १०० किमी.मागे ठरतो. मैल जाऊन साठहून अधिक वर्षे झाली, तरी लॉबीत (चालक-गार्ड जेथे कामावर हजेरी लावतात त्या कार्यालयात) आजही ‘मायलेज’ हाच शब्द चालतो. आगगाडीचा चालक आणि बसचालक यांच्या कमाईतील तफावतीचा विषय निघाला, की चर्चा बहुधा कौशल्य, जबाबदारी आणि प्रवाशांची संख्या यांवर जाते. भारतापुरते पाहिल्यास त्या तफावतीचा मोठा भाग या एका भत्त्यात, आणि त्याहूनही त्याच्या कायदेशीर दर्जात सापडतो.

स्वरूप : हा भत्ता वेतन आहे की प्रवासखर्चाची भरपाई, हा त्याविषयीचा मूळ वाद. एका मतानुसार तो घराबाहेर, रनिंग रूममध्ये (कर्मचाऱ्यांच्या विश्रांतिगृहात) काढाव्या लागणाऱ्या दिवसांचा खर्च भागवण्यासाठी आहे. म्हणजे इतर रेल्वे कर्मचाऱ्यांच्या दैनिक भत्त्याचाच दुसरा प्रकार. दुसऱ्या मतानुसार तो कामाच्या प्रमाणात मिळणारा मोबदला, म्हणजे पगारच. १९८० च्या रनिंग भत्ता समितीने दोन्ही मते एकाच सूत्रात बसवली : वेतनश्रेणीच्या मध्याचे ३० टक्के आणि २० दिवसांचा प्रवासभत्ता यांची बेरीज करायची, तिला सरासरी मासिक किलोमीटरने भागायचे आणि त्यावरून १०० किमी.चा दर काढायचा. त्याआधारे केलेले नियम १ ऑगस्ट १९८१ पासून लागू झाले. सूत्राची बांधणी पाहता ‘अंशतः वेतन’ हेच वर्णन अधिक नेमके वाटते. प्रवासभत्ता सूत्राच्या पोटात असल्यामुळे रनिंग कर्मचाऱ्यांना ड्युटीवरील प्रवासाचा वेगळा दैनिक भत्ता मिळत नाही. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचून जानेवारी २०२४ पासून प्रवासभत्ता २५ टक्क्यांनी वाढला, तेव्हा किलोमीटरचा दरही तेवढाच वाढवावा ही लोको पायलटांच्या संघटनांची मागणी या सूत्रातूनच आली.

पूर्वपीठिका : अंतरावर मोबदला देण्याची रीत भारतात जन्मलेली नाही. अमेरिकी रेल्वेमार्गांवर मालगाडीच्या चालकासाठी १०० मैल म्हणजे कामाचा एक दिवस, असे समीकरण रूढ होते. १९१६ च्या ॲडमसन कायद्याने तेथे आठ तासांचा दिवस मान्य केल्यावर त्यातून ताशी साडेबारा मैल हा हिशेबी वेग निघाला. त्याहून लवकर शंभर मैल काटणाऱ्याचा दिवस लवकर भरे आणि पुढच्या मैलांचे पैसे वेगळे मिळत. म्हणजे तेथे अंतर हाच पगार मोजण्याचा गज होता. भारतात मूळ वेतन महिन्याचे आणि त्यावर अंतराचा भत्ता, अशी दुहेरी रचना आहे. भारतीय दरही शंभराच्या टप्प्याने ठरत असला, तरी केवळ त्यावरून अमेरिकी पद्धतीशी नाते जोडणे धाडसाचे ठरेल. भारतीय पद्धत रेल्वे कंपन्यांच्या काळातली आणि ब्रिटिश वळणाची मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

वेतनाचा अंश व निवृत्तिवेतन : भत्त्याचे खरे महत्त्व निवृत्तीच्या वेळी कळते. रनिंग कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनात ३० टक्के मिळवून येणारी रक्कम ठराविक कामांसाठी ‘वेतन’ धरली जाते, उदा., वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरून स्थिर (गाडीवर न जाणाऱ्या) पदावर गेल्यास तेथील वेतननिश्चितीसाठी. निवृत्तिलाभांसाठी हे प्रमाण ५५ टक्के आहे.

या ५५ टक्क्यांमागे दीर्घ न्यायालयीन लढा आहे. रेल्वे आस्थापना संहितेच्या नियम २५४४ नुसार पूर्वी रनिंग भत्ता इतर वेतनाच्या कमाल ७५ टक्क्यांपर्यंत निवृत्तिवेतनासाठी मोजला जाई. तिसऱ्या वेतन आयोगानंतर मूळ वेतन वाढले, तेव्हा रेल्वे मंडळाने परिपत्रके काढून हे प्रमाण उतरवले. वैधानिक नियम परिपत्रकाने बदलता येत नाही, या कारणास्तव केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने १९८६ मध्ये ती अमान्य केली. मग ५ डिसेंबर १९८८ च्या अधिसूचनेद्वारे नियमच बदलण्यात आला, तोही मागील तारखेपासून : १ जानेवारी १९७३ पासून ४५ टक्के आणि १ एप्रिल १९७९ पासून ५५ टक्के. दरम्यानच्या पंधरा वर्षांत जुन्या नियमानुसार निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन यामुळे घटत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २५ जुलै १९९७ रोजी रेल्वे मंडळाचे अध्यक्ष विरुद्ध रंगधामय्या या खटल्यात ही पूर्वलक्षी घट संविधानाच्या अनुच्छेद १४ व १६ शी विसंगत ठरवली. प्रमाण घटवण्याच्या अधिकारावर मात्र या निकालाने गदा आली नाही. पुढील निवृत्तांसाठी ५५ टक्के कायम राहिले. निकालाचा उल्लेख आता सेवाविषयक कायद्यात पूर्वलक्षी नियमांच्या संदर्भातच अधिक होतो आणि त्यामागे रनिंग कर्मचारी होते हे मागे पडते.

दर्जा व श्रेणी : सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत (१ जानेवारी २०१६ पासून) सहायक लोको पायलटचे मूळ वेतन स्तर २ मध्ये १९,९०० रु. आणि लोको पायलटचे स्तर ६ मध्ये ३५,४०० रु. पासून सुरू होते. मालगाडी, पॅसेंजर आणि मेल-एक्सप्रेस या तिन्ही पायऱ्यांचा स्तर एकच. फरक पडतो तो किलोमीटरचा दर व अतिरिक्त भत्ता यांमुळे.

आयकर : आयकर नियम १९६२ मधील नियम २ बब (2BB) नुसार वाहतूक व्यवसायातील कर्मचाऱ्याला वाहन चालवताना होणाऱ्या वैयक्तिक खर्चासाठी मिळणाऱ्या भत्त्याचा ७० टक्के भाग, सप्टेंबर २००८ पासून दरमहा १०,००० रु. च्या मर्यादेत, करमुक्त ठरला. अट अशी की त्याला दैनिक भत्ता मिळत नसावा. नियमाच्या शब्दांत रेल्वे आणि रस्ता असा भेद नव्हता. पण ज्याला असा भत्ताच नाही, त्याला सवलत कशावर मिळणार?

बसचालकांशी तुलना : एसटीचा चालकही मुक्कामी गाडी घेऊन जातो आणि डेपोबाहेर झोपतो. मात्र त्याच्या बाबतीत कायद्याने मोजला तो वेळ. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ ने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास (लांब पल्ल्याच्या मार्गांवर १० व ५४) ही मर्यादा घातली आणि जादा तासांना दुप्पट दर दिला. अतिकालिक भत्त्याने महिन्याची कमाई फुगते. निवृत्तीच्या हिशेबात तो धरला जात नाही. शिवाय एसटी हे १९५० च्या कायद्याखालील महामंडळ असल्याने तेथील वेतन केंद्रीय वेतन आयोगावर नव्हे, तर संघटनांशी होणाऱ्या करारांवर आणि शासनाच्या मदतीवर अवलंबून राहिले. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या संपात शासनात विलीनीकरणाची मागणी पुढे आली, ती या पार्श्वभूमीवर. त्या वेळी जाहीर झालेली मूळ वेतनातील वाढ सेवेच्या वर्षांनुसार ५,०००, ४,००० व २,५०० रु. होती, नव्यांना सर्वाधिक, जुन्यांना सर्वांत कमी.

खासगी आरामबसवरील चालकांची पद्धत वेगळी आहे. तेथे फेरीमागे रक्कम तोंडी ठरते आणि वाटेतील जेवण सहसा ढाब्याकडून मिळते.