सशांचा ओढा बोनान्झा झाला त्याआधी आणि नंतर

कॅनडाच्या वायव्येला, युकॉन प्रदेशात, किंग सॉलोमन्स डोम या डोंगराकडून एक ओढा निघतो आणि डॉसन सिटीजवळ क्लोंडाइक नदीला मिळतो. सोने शोधत फिरणारे लोक त्याला रॅबिट क्रीक, म्हणजे सशांचा ओढा म्हणत. ऑगस्ट 1896 मध्ये हे नाव पुसले गेले आणि तो बोनान्झा क्रीक, म्हणजे घबाडाचा ओढा झाला.

त्याचे नशीब मात्र लाखो वर्षांपूर्वीच ठरले होते. हिमयुगात कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या थरांखाली गेला, हा टापू उघडा राहिला. हिमनद्या इथून सरकल्या असत्या तर दऱ्यांतली जुनी रेती खरवडून नेली असती. इथे गारगोटीच्या शिरांतून सुटलेले सोने आधी जुन्या प्रवाहांच्या पांढऱ्या खडीत साठले. मग ओढा ती खडी कापत खाली उतरला. हलकी वाळू वाहून गेली आणि जड सोने तळच्या खडकाला धरून राहिले.

16 ऑगस्ट 1896 रोजी ते सापडले. तिथे टॅगिश या आदिवासी समाजाचा किश ऊर्फ स्कूकम जिम होता, त्याचा भाचा डॉसन चार्ली होता आणि बहिणीचा नवरा जॉर्ज कार्मॅक. सोने पहिल्यांदा किशला दिसले, असे त्याच्या घरचे सांगत आले. पहिला पट्टा, म्हणजे सोने खणण्याच्या हक्काचा जमिनीचा तुकडा, कार्मॅकच्या नावावर लागला आणि वर्षानुवर्षे श्रेयही त्यालाच मिळत राहिले. हा अन्याय मला आजही बोचतो.

ओढ्याच्या लांबीने 500-500 फुटांचे पट्टे पडले. पण जमीन बारमाही गोठलेली. हिवाळ्यात लाकडे पेटवायची, वितळलेला थर उपसायचा, पुन्हा पेटवायची, असे करत खडकापर्यंत खड्डा न्यायचा. वर काढलेला ढीग उन्हाळ्यात पाणी सुटले की लाकडी पन्हळीतून धुवायचा. या जळणापायी आसपासच्या टेकड्या बोडक्या झाल्या.

जुलै 1897 मध्ये सोने घेऊन जहाजे सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलला लागली. सुमारे एक लाख माणसे निघाली, तीस-चाळीस हजार पोचली. तोवर ओढ्याकाठी चांगला पट्टा उरलाच नव्हता.

क्लोंडाइक हे नावही मुळात ट्रॉन्डेक या शब्दाचे बिघडलेले रूप. सामन मासे धरायला नदीत खुंट ठोकत, त्यावरून तो शब्द आला. नदीच्या मुखाशी मासेमारी करणाऱ्या ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांना गर्दीपुढे जागा सोडावी लागली. त्यांचे प्रमुख आयझॅक त्यांना घेऊन युकॉन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. 2023 मध्ये ट्रॉन्डेक-क्लोंडाइक जागतिक वारसा यादीत आले, आणि त्या वेळी या लोकांचे नाव आधी लागले.

फावड्यांनंतर तरंगती उपसायंत्रे आली. आठ मजली उंचीचे ड्रेज क्रमांक 4 हे 1959 मध्ये थांबले, आणि ते आजही याच दरीत उभे आहे. त्याच्यासारख्या यंत्रांनी दरीचा तळ उलथून मागे टाकलेल्या गोट्यांच्या वळणदार राशी अजून तशाच पडल्या आहेत. ओढा त्यांच्यामधून वाट काढत वाहतो.