ही सोनोग्राफी नाही, लघवी रोखून येऊ नका

दिवसातून चारदा फोनवर सांगते तरी लोक लिटरभर पाणी पिऊन, पाय आवळून बाकावर बसलेले असतात, कारण पोटाची टेस्ट म्हटली की ब्लॅडर फुल पाहिजे हे डोक्यात पक्कं बसलंय. आमच्याकडे लघवी-संडास धरून ठेवणाऱ्या स्नायूंची ईएमजी होते, म्हणजे स्नायू आणि त्यांच्या नसेतल्या विजेच्या सिग्नलची टेस्ट, इथे उलटं आहे. सकाळी पोट साफ करून या, आत यायच्या आधी बाथरूमला जाऊन या, उपाशी तर अजिबात राहू नका.

लघवी-संडास धरून ठेवणाऱ्या स्नायूंना कण्याच्या पार खालच्या भागातून, एस २ ते एस ४ (कण्यातून निघणाऱ्या नसांचे नंबर) मधून, प्युडेंडल नर्व्ह नावाची नस येते. ती अवघड बाळंतपणात ताणली जाते, वर्षानुवर्षं कुंथून किंवा शुगरने पण खराब होऊ शकते. ईएमजीत आम्ही गुदद्वाराच्या स्नायूत बारीक सुई घालून मशीनच्या स्पीकरवर त्याचा आवाज ऐकतो, आधी ढिला सोडलेला, मग आवळलेला. आता तुम्ही लघवी रोखून झोपलात तर स्नायू ढिला होणार कसा, नुसत्या लाह्या फुटल्यासारखी तडतड, त्यात बिघाडाची बारीक टिकटिक ऐकूच येत नाही. मागच्या महिन्यात एका काकूंचा असाच पाऊण तास गेला, शेवटी बाथरूमला पाठवलं आणि सगळं पहिल्यापासून केलं.

"बाहेर एकच टेस्ट करतात, तुम्ही दोन-तीन का लावता?" हे पण रोजचं. त्या एका टेस्टमध्ये ग्लोव्हच्या बोटावर सेंट मार्क्स इलेक्ट्रोड (करंट द्यायची आणि मोजायची पट्टी) लावून नसेतून करंट स्नायूपर्यंत किती वेळात पोचतो ते मोजतात, नॉर्मल साधारण २ मिलिसेकंद. पण तो आकडा फक्त सगळ्यात फास्ट तंतूंचा असतो, थोडे चांगले उरले असले तरी नॉर्मलच येतो. म्हणून त्या एकट्या आकड्यावर मी रिपोर्टवर सही करत नाही, मग वेळ आणि पैसे थोडे जास्त लागतात, मान्य आहे.

पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका. खाली तेल, क्रीम काही लावू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि एमआरआय झाला असेल तर तो घेऊन या. बायकांची टेस्ट मी आणि आमच्या मॅडम टेक्निशियनच करतो, दार आतून बंद असतं, सोबत आई किंवा बहीण आत थांबली तरी चालेल. सुई टोचते, खोटं सांगत नाही, पण भूल लागत नाही, झालं की आपल्या पायाने घरी.