एकाच डोलकाठीवर दोन अँटेना

अरबी समुद्रात सोडलेला आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्राच्या नोंदी घेणारं तरंगतं यंत्र, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येतो. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी टिकत नाहीत, म्हणून वर आल्यावर दोन कामं उरकायची असतात: जीपीएसवरून जागा निश्चित करायची आणि तापमान-क्षारतेच्या नोंदी इरिडियम या संदेशवहन उपग्रहाकडे पाठवायच्या. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक अशाच नोंदींवरून समुद्र समजून घेतात. पण ही दोन कामं एका वेळी केलेली चालत नाहीत. एक झालं की दुसरं.

जीपीएसचे उपग्रह 20,200 किलोमीटरवर आहेत. एका वॅटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी करा. त्यातला जेमतेम एक तुकडा अँटेनाच्या वाट्याला येतो. इरिडियम फक्त 780 किलोमीटरवर. इतक्या खालून फिरतो म्हणून तोच जीपीएसला त्रास देत असेल, असं वाटतं. पण त्याचाही संदेश खाली पोचेपर्यंत क्षीणच झालेला असतो. खरा गोंगाट आपल्या बाजूचा: त्याच्याशी बोलणारं यंत्र एखाद-दुसऱ्या वॅटने प्रक्षेपण करतं, तेही जीपीएसच्या अगदी शेजारून.

जीपीएस 1575.42 मेगाहर्ट्झवर, इरिडियम 1616 ते 1626.5 वर. मधे चाळीस मेगाहर्ट्झ मोकळे असूनही जीपीएस रिसीव्हरचा, क्षीण सिग्नल वाढवणारा पहिला अ‍ॅम्प्लिफायर शेजारच्या दणक्याने गुदमरतो. म्हणून त्याच्या आधी शेजारच्या लहरी अडवणारा फिल्टर लावतात. मात्र आजचे रिसीव्हर जीपीएससारखाच असलेला रशियाचा ग्लोनासही ऐकतात आणि तो 1605 च्या थोडा पुढे जातो. तिथवर दार उघडं ठेवलं की इरिडियम थेट उंबऱ्यावर! मला तरी हाच सगळ्यात अवघड भाग वाटतो.

दिलासा एवढाच की इरिडियमचं यंत्र सलग बोलत नाही. 90 मिलिसेकंदांच्या चक्रात बोलायला 8.28 मिलिसेकंदांचा एक तुकडा मिळतो. रिसीव्हर चटकन सावरला तर उरलेल्या वेळात त्याला जीपीएस धरून ठेवता येतं.

गोव्यातल्याच मालीमच्या मासेमारी ट्रॉलरवर ही अडचण सहसा येत नाही. सरकारी परवानगीशिवाय आपल्याकडे सॅटेलाइट फोन वापरता येत नाही. मुरगाव बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांवर मात्र इरिडियमचं यंत्र असू शकतं. 2020 पासून इरिडियमवरून आणीबाणीची अधिकृत हाकही देता येते, आणि त्या हाकेसोबत जहाजाचं स्थान जायला हवं. हे स्थान जीपीएसच पुरवतं. त्यामुळे अँटेना बसवताना त्यांच्यात जमेल तेवढं अंतर ठेवावंच, शिवाय परवानगी असेल तिथे इरिडियमवरून एक कॉल लावून जीपीएसच्या पडद्यावरचे सिग्नलचे पट्टे पाहावेत. कॉल चालू असताना ते खाली आले, तर जहाज धक्क्यावर असतानाच अँटेना हलवावी.